आनंदाबाई पायरी उतरली नाही

गिरडच्या अलीकडच्या त्या गावात पायविहिरीला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. पाऊस बरा झाला की पाणी वरच्या पायऱ्यांना लागायचं, बाया वाकून घागर भरायच्या, पाय कोरडेच्या कोरडे. पण पंच्याऐंशी साली पावसानं दगा दिला तो दिलाच. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं आणि गुडघाभर आत शिरल्याशिवाय घागर बुडेना. पुढच्या उन्हाळ्यात घराघरांतून नारू निघू लागला. पायाला फोड यायचा, तो फुटायचा आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा हळूहळू बाहेर यायचा.

आनंदाबाईच्याही घोट्याला निघाला. तिनं तो काडीला गुंडाळला, वर चिंधी बांधली, त्यावर लुगड्याचा काठ ओढला आणि घरात हूं की चूं केलं नाही. कारण तिच्या सुनेची, नलूची, विहीरपूजा तोंडावर आली होती. किती नवस केले तेव्हा कुठे नात झालेली! बाळंतिणीचा हात धरून सासूनं तिला पाण्यापर्यंत न्यायचं, पूजा करवायची आणि सुनेनं ओंजळभर पाणी प्यायचं. एवढा मान सोडायला आनंदाबाई काय वेडी होती?

पण दवाखान्यातले मधुकरराव चावडीवर बजावून गेले होते, "नारूचा पाय पान्यात घालू नोका. आग थांबते खरी, पन नारू तिथंच पिलं सोडते. ते पानी जो पिईन त्याले सालभरानं नारू निघन. पानी दुहेरी फडक्यानं गाळूनच प्या."

पूजेच्या दिवशी हळदीकुंकू, घुगऱ्या घेऊन बाया निघाल्या. आनंदाबाईची थोरली जाऊ वच्छलाबाई पुढे होऊन थेट पाण्यात उतरली. नलूही खाली गेली. आनंदाबाई मात्र वरच्या पायरीवर थबकली. घोट्याची नुसती आग होत होती आणि खाली ते गार पाणी. कुणाला कळणार होतं? एवढ्यात नलूनं पाणी प्यायला हात धुतले, आणि आनंदाबाईचा पाय उचलेना.

"काऊन वो आनंदे?" वच्छलाबाई खालून ओरडली. "पोरगी झाली म्हून रुसली का?"

बाया हसल्या. नलूचा चेहरा पार उतरला. तिला ते खरंच वाटलं, हे आनंदाबाईनं वरून पाहिलं.

"रुसन माही जूती!" तिनं सगळ्यांदेखत लुगडं वर केलं. "नारू हाय माह्या पायात. माही नात ज्या विहिरीचं पानी पिनार, तिच्यात मी पाय घालू? नलू, तुह्यावर नाई वो रुसली मी."

नलूला रडू फुटलं. रडतरडतच तिनं ओंजळ भरली आणि तोंडाकडे नेली.

"थांब पोरी! पिऊ नोको!"

ओरडली ती वच्छलाबाई. तिनं पाण्यातून पाय वर काढला. घोट्याला चिंधी होती, चिंब भिजलेली.

"लई आग होते वो आनंदे," ती पुटपुटली. "मी रोजच पाय बुडवते."

आनंदाबाईला असा संताप आला की हिला तिथंच झोडपावं. पण ती आग तिच्याही पायात होती. जाऊ पायऱ्या चढून आली तशी तिनं हात पुढे करून तिला वर ओढलं.

"नलू, पदर दुहेरी कर अन् पानी गाळून घे," ती म्हणाली. मग वच्छलाबाईकडे वळली, "बसा इथं माह्याजवळ. अन् पाय वर ठेवा."