एकशेवीसच्या खाली

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला पॉप्लर बेंड गावातल्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या खेळाच्या, हॉलमध्ये ओरेस्ट ह्नात्युक यांनी ओणवं होऊन बर्फावरून दगड सोडला, ते उठून उभे राहिले आणि कोसळले. वय अठ्ठ्याहत्तर. उजवा खुबा मोडला, डोकं आपटलं. रुग्णवाहिकेने त्यांना विनिपेगच्या इस्पितळात नेलं.

मित्रांनो, मी तिथे नव्हतो. मी दोन रस्ते पलीकडे, गावच्या दवाखान्यात भिंतीवर होतो. मी रक्तदाब मोजणारा एक जुना, पाऱ्याचा मापक आहे. काचेची नळी, शेजारी आकड्यांची पट्टी, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. त्या पडलेल्या माणसाचा दंड मी कित्येक वर्षं धरला आहे. म्हणून पाहिलेलं आणि ऐकलेलं, दोन्ही वेगवेगळं ठेवून सांगतो.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्यात पारा भरला आणि तो शून्यावर येऊन थांबतो ना, हे पाहिल्याशिवाय मला पुढे जाऊ दिलं नाही. जुन्या डॉक्टरांनी मला भिंतीवर ठोकलं तेव्हा ते म्हणाले होते, "याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि हा कुणाची भीड धरत नाही." त्या कौतुकावर मी बरेच हिवाळे काढले.

माझ्यासमोर बसणारे लोक ठणठणीत दिसत. रक्तदाब दुखत नाही. तो एकदा आला की मुक्कामालाच येतो, आणि माणूस गहू पेरत, बस चालवत, नातवंडं सांभाळत त्याच्यासोबत राहतो. गोळ्या घ्यायचं ज्यांनी टाळलं त्यांच्यातले काही जण नंतर माझ्यासमोर तोंड वाकडं झालेलं, एक हात लुळा पडलेला, असे येऊन बसले. तेही मी पाहिलं आहे. म्हणून गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही.

माझा फुगा दाबायची ती नर्स सिग्रून. तिचे आजे-पणजे आइसलँडहून आलेले, आणि बोलण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असायची. माणूस पार्किंगपासून झपझप चालत यायचा, कोट काढायचा, आणि बूड टेकतं न टेकतं तोच सिग्रून पट्टा बांधून मुलाची चौकशी सुरू करायची. आमच्याकडे माणसाला दंडाला पट्टा बांधून गप्प बसवणं म्हणजे त्याच्याशी अबोला धरल्यासारखं आहे. ओरेस्टना सगळं गाव गीदो, म्हणजे आजोबा, म्हणायचं. त्यांच्याशी तर बोलायला विषयच लागत नसे.

"गीदो, यंदा तरी काठी घेणार का?" ती विचारायची. ज्यांना वाकवत नाही ते म्हातारे उभ्यानेच काठीने दगड ढकलतात. खेळाच्या नियमात ते बसतं.

"काठी बोहदानला दे, पोरी. त्याचे गुडघे त्याच्याही आधी जन्मलेत."

बोहदान कोस्तिन्युक हा त्यांच्याच संघातला जोडीदार. तो बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा आणि आतलं सगळं ऐकून खोकायचा. हे हसणंखिदळणं चालू असतानाच ती हवा सोडे, माझा पारा खाली येत असे, आणि जिथे ठोका ऐकू येई तो आकडा सिग्रून मोठ्याने सांगे.

मग आमच्या दवाखान्यात एक संशोधन आलं. अनेक गावांतल्या दवाखान्यांत ते चाललं होतं. वयस्कर माणसांचा रक्तदाब आणखी खाली आणला तर हृदयविकार आणि पक्षाघात कमी होतात का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी स्वतःचं विजेवर चालणारं यंत्र आणलं. ते मागच्या खोलीत ठेवलं. माणसाला तिथे खुर्चीत बसवायचे, पट्टा बांधायचे आणि दार लावून सगळे बाहेर जायचे. तो एकटा गप्प बसायचा. थोड्या वेळाने यंत्र आपणहून काही वेळा मोजायचं आणि सरासरी काढायचं. शिवाय त्याला उभं करून पुन्हा मोजायचे. उभं राहिल्यावर ज्याचा दाब फार उतरतो त्याला अभ्यासात घेतच नव्हते.

ओरेस्टना घेतलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी आतून हाक मारली, "सगळे जेवायला गेलात की काय?" त्या खोलीतला त्यांचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा नेहमी बराच कमी यायचा. सिग्रूनला वाटलं, नवीन यंत्र जरा मऊ आहे. मला वाटलं, मी जरा कडक आहे. खरं तर मी आणि ते यंत्र, दोघंही बरोबर होतो. फक्त मी बोलणाऱ्या माणसाला मोजलं होतं आणि त्याने गप्प बसलेल्या, आणि बोलताना दाब चढतो.

अभ्यास संपला. यंत्र खोक्यात घालून परत गेलं. पुढे तज्ज्ञांच्या समितीच्या मार्गदर्शक सूचना आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा वरचा आकडा एकशेवीसच्या खाली ठेवा. ज्या माणसांचा अभ्यास झाला होता त्यांचा त्याने फायदा झाला होता, हे खरं. तो आकडा कसा मोजायचा तेही त्या सूचनांत होतं, पण मागच्या पानांवर. भिंतीवर जो तक्ता लागला त्यावर फक्त एकशेवीस होतं. तो तक्ता माझ्या शेजारीच लावला.

त्या सुमारास जुने डॉक्टर निवृत्त झाले होते आणि डॉ. कोलेट रिव्हार आल्या होत्या. त्या मेहनती होत्या, आणि गावातला कुणीही पक्षाघाताने जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. ओरेस्ट माझ्यासमोर बसले, काठीवरून नेहमीची थट्टा झाली, आणि माझ्यावर एकशेअडतीस आलं. डॉक्टरांनी तक्त्याकडे पाहिलं आणि दोन गोळ्यांच्या जोडीला तिसरी दिली. पुढच्या खेपेला एकशेअठरा आलं. सिग्रूनने टाळी वाजवली. बोहदानलाही तिसरी गोळी मिळाली. आमच्या दवाखान्याचं जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतून कौतुक झालं.

उभं करून कुणी मोजलं नाही. मी तर खिळ्याला टांगलेला. उभ्या माणसाचा आकडा घ्यायचा तर रबरी नळी ताणावी लागते आणि बाहेर रांग खोळंबते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तो शनिवार आला.

सोमवारी ओरेस्ट यांची बायको दार्का आली. इस्पितळात दाखवायला तिला नवऱ्याच्या सगळ्या औषधांची यादी हवी होती. ती त्याच खुर्चीत बसली. डॉक्टरांनी तिला विचारलं, त्यांना चक्कर येत होती का.

"येत होती. सकाळी उठला की फ्रिज धरून उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणायचा, दूध आहे का बघतोय."

"मग इथे कधी बोलले नाहीत ते."

"तुम्ही विचारलंत?" दार्काने आवाज चढवला नाही. "तुम्ही म्हणालात, आकडा सुंदर आहे. आकडा सुंदर आहे म्हटल्यावर तो काय बोलणार? चक्कर येते म्हणाला असता तर तुम्ही खेळ बंद केला असता. त्याच्याकडे दुसरं काय उरलंय?"

डॉक्टरांनी औषधांची यादी लिहून तिच्या हातात दिली. दार्का गेल्यावर त्यांनी बोहदानला बोलावून घेतलं.

मित्रांनो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आधी सिग्रूनने त्याला नेहमीसारखं बोलतं ठेवून मोजलं. एकशेवीस. मग त्याला एकटं सोडून दार लावलं. खोलीत तो, मी आणि घड्याळ. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दार उघडून पुन्हा मोजलं तर एकशेआठ. मग डॉक्टर म्हणाल्या, आता उभे राहा. माझी नळी ताणली गेली. पारा उतरत राहिला, तरी ठोका ऐकू येईना. तो ऐकू आला नव्वदच्या खाली. बोहदानने टेबलाची कड धरली होती.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. बूट सरकला."

सिग्रूनने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. डॉक्टरांनी त्याची तिसरी गोळी तिथल्या तिथे बंद केली आणि बाकीच्यांना फोन करायला घेतले. काही भेटले. काही थंडी टाळायला हिवाळ्यापुरते दक्षिणेला गेले आहेत, त्यांचे फोन लागत नाहीत.

डॉक्टरांनी जिल्ह्याच्या कचेरीला सगळं कळवलं. कचेरीने दखल घेतली. जुन्या पाऱ्याच्या मापकाने चुकीचे आकडे दिले असावेत, तो त्वरित काढावा, असं उत्तर आलं. डॉक्टरांनी मला तपासणीसाठी ठरवून दिलेल्या प्रमाणित यंत्राशी ताडून पाहिलं. माझ्यात चूक निघाली नाही. तेही त्यांनी कळवलं. तरी परवा मला खिळ्यावरून उतरवलं. पारा विषारी असतो, मला न्यायला वेगळी गाडी लागते. तोवर मी कोठीच्या खोलीत खोक्यात आहे. माझ्या जागी विजेवर चालणारं यंत्र आलं आहे. जागा नाही म्हणून ते कॉफीच्या टेबलाशेजारी ठेवलंय. लोक कॉफी पितात, गप्पा मारतात आणि दंड पुढे करतात, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. तक्ता होता तिथेच आहे.

मित्रांनो, मला जपा, पुसा, पुन्हा टांगा, असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य झालं. पण तुमच्या घरी कुणी या आजाराच्या गोळ्या घेत असेल तर त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. मोजायच्या आधी त्यांना थोडं शांत बसू द्या. मोजून झालं की म्हणा, आता उभं करून मोजा. रांग लांब असली तरी म्हणा. आणि घरी कुणी भिंत किंवा कपाट धरून उभं राहिलेलं दिसलं, तर त्याने सांगितलेल्या कारणावर विसंबू नका. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

डॉ. रिव्हार यांनी समितीलाही लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

ओरेस्ट यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. डोक्यातला रक्तस्राव थांबला आहे, पण ते दार्काला कधी ओळखतात, कधी नाही. तिने काल दुपारी सिग्रूनला फोन केला. दार किलकिलं होतं म्हणून मला ऐकू आलं. सकाळी दोन नर्सनी ओरेस्टना पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं होतं. आज त्यांना उभं करून पाहणार होते. आजचा फोन अजून आलेला नाही.