आज बोलावणं नाही

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात ट्रॉली ढकलणाऱ्या त्या माणसाचं पोट दुसऱ्यांच्या दुखण्यावर चालायचं. उद्या किती रुग्ण येतील याचा अंदाज मशीन बांधायचं आणि तेवढ्यापुरतेच ट्रॉलीवाले कामावर बोलवायचं. सकाळी मोबाइलवर 'या' आलं की घर खूश, 'नको' आलं की बायकोच्या तोंडाचा पट्टा सुरू.

त्या दिवशी 'नको' आलं.

"आजही सगळे धडधाकट आहेत वाटतं," बायको म्हणाली. "कुणाचा साधा पायसुद्धा मोडत नाही मेला."

"सूनबाई, जरा हळू. देव ऐकेल आणि माझाच मोडेल," म्हातारा बाप हसला, आणि हसता हसताच छाती धरून खाली बसला.

शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून त्याने बापाला इस्पितळात आणलं. मशीनचा अंदाज साफ चुकला होता. रुग्णांची रीघ लागलेली, बोलावलेले दोघे ट्रॉलीवाले घामाघूम होऊन पळत होते, आणि भिंतीशी चार रिकाम्या ट्रॉल्या साखळीने बांधून ठेवलेल्या.

"मुकादम, साखळी काढा. बाप आहे माझा."

"दिसतंय. पण तुला आज बोलावणं नाही. तू हात लावलास की हजेरी धरावी लागते, आणि बोलणी मी खातो."

"हजेरी नको. फुकट ढकलतो."

"मागे एकाने अशीच फुकट ढकलली आणि दुसऱ्या दिवशी साहेबाकडे पैसे मागायला गेला. बस तिथे. कुणी मोकळा झाला की पाठवतो."

कुणी मोकळं होईना. शेवटी त्याने बापाला पाठुंगळी घेतलं आणि डॉक्टरकडे जाणाऱ्या चढावर निघाला. कानाशी बापाचा श्वास घरघरत होता. अर्ध्या वाटेत घरघर थांबली आणि बाप एकदम जड झाला. हे वजन त्याच्या ओळखीचं होतं. तरी तो डॉक्टरपर्यंत चालतच राहिला.

डॉक्टरने बापाच्या पापण्या उघडून पाहिल्या, नाडी धरली, सोडली. "छातीच्या रुग्णाला कुणी असं पाठीवर आणतं? तू तर इथलाच ना?"

तेवढ्यात मुकादम स्वतः ट्रॉली घेऊन आला.

"घे. आता लाव हात. शवागाराचं काम मशीन हजेरीत धरत नाही."

त्याने बापाला निजवलं, चादर ओढली, दांडा धरला.

"आणि रिकामी झाली की लगेच आण," मुकादम मागून म्हणाला. "इथं माणसं खोळंबलीत."

त्याने ती लगेच आणून दिली.