हिरव्या गाडीची मान

त्या शनिवारी तळ्याकाठच्या मैदानावरच्या मेळ्यात दोनशेदहा मोटरसायकली उभ्या होत्या आणि एकाही मालकाचा पाय जागेवर ठरत नव्हता. कुणी क्रोमवर फुंकर मारून बाहीनं पुसत होता. कुणी मुद्दाम आपल्या गाडीपासून चार पावलं लांब उभा राहून लोक काय म्हणतात ते कान टवकारून ऐकत होता, आणि चेहरा मात्र असा की जणू गाडी दुसऱ्याचीच. स्वतःची तारीफ स्वतःच्या तोंडानं करायची नाही, ही स्वीडनमधल्या हेल्सिंगलंडची जुनी शिस्त. म्हणून ते काम पुठ्ठ्याच्या कार्डावर सोपवलेलं असतं. फ्रेम कुणाची, रंग कुणाचा, इंजिन कुठल्या सालचं, किती हिवाळे गॅरेजमध्ये गेले, हे सगळं कार्ड सांगतं आणि मालक नम्रपणे आभाळाकडे बघतो.

एकच कार्ड निराळं होतं. टूवा एकेरूट नावाच्या एकोणतीस वर्षांच्या नर्सचं. ती हार्नोसांदहून स्वतः गाडी चालवत आली होती. ट्रेलरवर लादून आणलेल्या गाडीला या मैदानात फाटकातूनच परत पाठवतात. गाडी गडद हिरवी, पुढचे दांडे हातभर जास्त लांब, आणि टाकीपासून मानेपर्यंत, म्हणजे दांडे फ्रेमला मिळतात तिथपर्यंत, सगळं एका ओघात उतरलेलं, सांधा म्हणून कुठे दिसायचा नाही. रंग १९७९ सालचा, तसाच्या तसा. कार्डावर तिनं लिहिलं होतं: ‘घडवणारा कोण, माहीत नाही. तीन वर्षं शोधतेय. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.’

मग काय, सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला, ही गोथेनबर्गची. दुसरा म्हणाला, छे, ही तर माझ्या मेव्हण्याच्या मित्राची. दुपारपर्यंत पाच जणांनी ‘मीच केली’ असंही सांगून झालं होतं. त्यातला एक १९७९ साली जन्मलाही नसावा. टूवा सगळ्यांची नावं वहीत लिहून घेत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि अशा माणसाला कुणीही काहीही सांगतं.

तेवढ्यात परीक्षक सिक्स्टन ब्रूलुंड आपला आरसा घेऊन त्या रांगेत आला.

सिक्स्टनचा आरसा या भागात सगळ्यांना माहीत होता. काडीच्या टोकाला बसवलेला, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला. घरी बांधलेली गाडी सरकारी तपासणीला नेण्याआधी लोक ती सिक्स्टनकडे आणत. हा सदुसष्ट वर्षांचा गडी जमिनीवर आडवा होऊन प्रत्येक सांधा त्या आरशात बघे आणि सुईएवढं भोक दिसलं तरी म्हणे, ‘काप आणि पुन्हा कर.’ दोन हिवाळ्यांचं काम त्यानं एका वाक्यात परत पाठवल्यावर एक दांडगा लाकूडतोड्या त्याच्या अंगणात बसून रडला होता. पण सिक्स्टननं पास केलेली फ्रेम कधी तुटली नाही, हेही तितकंच खरं.

हिरवी गाडी बघितली आणि तो जागीच थांबला.

ती त्यानंच केली होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी, बापाच्या ट्रॅक्टरच्या छपरात. मान कापून पुढे कलती केली आणि पुन्हा जोडली, ती याच मेळ्याच्या आदल्या दिवशी. वेल्डिंगच्या रॉडला ओल लागली होती. टाका गार झाल्यावर बघतो तर आत जाळी पडलेली, पावासारखी. सगळं उकरून नव्यानं जोडायला एक दिवस हवा होता, आणि तो दिवस त्याच्याकडे नव्हता. त्यानं त्यावर पुट्टी भरली, घासली आणि रंग मारला. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस त्या गुळगुळीत मानेलाच मिळालं. संध्याकाळी उत्तरेकडच्या उमेओच्या एका लाल मिशीवाल्यानं गाडी विकत मागितली. सिक्स्टननं दिली आणि तो तिच्यावर बसून गेला.

त्यानंतर सिक्स्टननं एकही खोटा टाका घातला नाही आणि दुसऱ्याचाही चालू दिला नाही. पण पंचेचाळीस वर्षं तो पेपर मागच्या पानापासून वाचत आला होता. अपघाताच्या बातम्या मागे असतात. हिरवी मोटरसायकल, लाल मिशी, एवढंच शोधायचं. एकदा तो उमेओलाही जाऊन आला, पण एवढ्या मोठ्या गावात मिशी शोधायची कुठे? बायकोला सांगितलं नाही, मित्रालाही नाही. भीती वाटायची आणि लाज त्याहून जास्त.

आता गाडी समोर उभी होती, आणि भीतीच्या आधी त्याला कुतूहलानंच घेरलं. ही अजून उभी कशी? ती मान उमेओच्या वाटेवर, सुंद्सवालच्या चढावरच तुटायला हवी होती.

त्यानं परीक्षकाचा आव आणून टूवाला विचारायला सुरुवात केली. तीही खुलली. गाडी तिला एका शेतावरच्या कोठारात मिळाली होती, गवताच्या गठ्ठ्यांमागे. म्हाताऱ्याच्या पश्चात त्याच्या बायकोनं विकायला काढली. होय, लाल मिशी होती म्हणे त्याला, फोटोत आहे. माणूस बिछान्यात गेला, चांगला ऐंशीचा होऊन. त्याआधी दोघं नवरा-बायको याच गाडीवर दोनदा इटलीला जाऊन आले होते.

‘इटलीला?’ सिक्स्टननं विचारलं. ‘दोघं?’

‘सामानासकट. का?’

सिक्स्टन खाली वाकला, आरसा मानेखाली धरला. वरून रंग आणि त्याखाली पुट्टी. आरशाला त्यापलीकडचं कुठलं दिसायला? त्यानं बोटानं चाचपलं. रंगाला केसाएवढीही चीर नव्हती, आणि हेच त्याला कळेना.

तो उठला आणि वॅफलच्या ठेल्याकडे गेला. एव्हर्ट रास्क हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, तोही जन्मभर वेल्डरच. तरुणपणी एक वर्ष उत्तरेकडे नोकरी करून परत आलेला, आणि आता क्लबसाठी वॅफल भाजणारा. एव्हर्टच्या टाक्याला शेवटी उलटी वळलेली एक बारीक शेपटी असायची, त्यावरून सिक्स्टन त्याला उभा जन्म चिडवत आला होता. साच्यात पीठ ओततानाही एव्हर्टचा हात शेवटी तसाच वळे.

‘वॅफललासुद्धा शेपटी,’ सिक्स्टन सवयीनं म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

‘मग आरसा लाव आणि नापास कर,’ एव्हर्ट म्हणाला. ‘काय रे, तोंड का उतरलंय? कुणाला रडवून आलास?’

सिक्स्टननं नुसतं हिरव्या गाडीकडे बोट केलं. एव्हर्टनं डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, ‘हं’ म्हणाला आणि जॅमची बरणी पुसायला लागला. सिक्स्टनचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या मनात हिशोब चालला होता: इतकी वर्षं टिकली, तर आणखी टिकेल. आपण गप्प बसलो तर कुणाचं काय जातंय? म्हातारपणी आपल्या हातानं आपल्या तोंडाला काळं का फासून घ्यायचं?

एवढ्यात मागून टूवाच कॉफी घ्यायला आली आणि सहज बोलून गेली, की उद्या सकाळी ती इथूनच पुढे नॉर्वेतल्या लोफोटेनला निघणार. हजार किलोमीटर तर सहज. मागे बहीण बसणार.

सिक्स्टननं हातातला कागदी कप फळीवर ठेवला.

‘टूवा, ती गाडी मी केली.’

‘तू सहावा,’ ती हसून म्हणाली आणि वही काढायला लागली.

‘बाकीच्या पाचांनी मानेत काय आहे ते सांगितलं का? आत टाका सडका आहे. पुट्टीनं झाकलाय. मला माहीत होतं आणि तरीही मी ती गाडी विकली.’

आजूबाजूचे चार जण खायचे थांबले. त्यातल्या दोघांच्या फ्रेमी सिक्स्टननं परत पाठवल्या होत्या. टूवाचं हसू गेलं. तिनं त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. लबाड माणसाकडे बघावं तसं नाही, पेशंट कुठे दुखतंय ते सांगत असताना बघावं तसं.

‘खात्री आहे?’

‘स्वतःच्या नावाएवढी.’

‘मग खरवड.’

सिक्स्टनच म्हणाला, की तासाभरात निकाल आहे, या रंगासाठीच लोक तुला मतं देतायत, तेवढं होऊ दे. पण ती ऐकेना. तीन वर्षं ती या गाडीची खरी हकीकत शोधत होती. आता तासभर थांबणं तिला जमणार नव्हतं. तिनं स्वतःच हत्यारांच्या पिशवीतून पातं काढून त्याच्या हातात दिलं.

बघता बघता शंभर माणसं जमली. एरवी क्रोमपुढे उभी राहणारी ही मंडळी खरवडण्याच्या आवाजापुढे श्वास रोखून होती. हिरव्या रंगाचे पापुद्रे निघाले, खाली करडी पुट्टी लागली, तीही भुगा होऊन गवतावर पडली. सिक्स्टन गुडघ्यांवर होता. त्याला ती जाळी अजून पाठ होती, कुठे किती भोकं तेही. तो त्या भोकांची वाट बघत होता.

भोकं नव्हतीच.

त्याचा टाका तिथे उरलाच नव्हता. कुणीतरी तो मुळापासून उकरून काढला होता, मानेच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या दोन पट्ट्या बसवल्या होत्या आणि त्या अशा जोडल्या होत्या की बघत राहावं. एकसारखा, खोल, शांत हातानं घातलेला टाका. सिक्स्टननं आरसा लावला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि टाक्याच्या कडेनं शेवटपर्यंत गेला. शेवटाला टाका उलटा वळला होता. बारीक शेपटी.

तो उठला. गर्दीनं वाट दिली. ठेल्यापर्यंतची पन्नास पावलं त्याला फार लांब वाटली.

एव्हर्ट हातात उलथणं धरून उभा होता, चोरी सापडल्यासारखा.

‘उमेओच्या गॅरेजात होतो मी त्या वर्षी,’ विचारायच्या आतच तो म्हणाला. ‘शरद ऋतूत तो मिशीवाला आला. मानेला चीर पडलीय, म्हणाला. उघडली, बघितली. केली नीट. रंग जुळवायला आठवडा गेला.’

‘आणि मला सांगितलं नाहीस.’

‘तुला माहीतच नसेल, असं वाटलं मला. बक्षीस मिळालं होतं तुला. गाव डोक्यावर घेऊन नाचत होतं. तुझा टाका सडका आहे हे कुठल्या तोंडानं सांगू? पुढे तर तू आरसा घेऊन फिरायला लागलास. मग तर सोयच उरली नाही.’

‘मला माहीत होतं, एव्हर्ट. पहिल्या दिवसापासून.’

एव्हर्टनं उलथणं खाली ठेवलं. दर गुरुवारी सिक्स्टन त्याच्याकडे कॉफीला यायचा, आणि टोपी काढायच्या आधी टेबलावरचा पेपर उचलून मागून उघडायचा. म्हाताऱ्याला मेल्यांच्या बातम्यांची भारी आवड, असं म्हणून एव्हर्टनं वर्षानुवर्षं त्याची टर उडवली होती.

‘म्हणजे तो पेपर...’ तो म्हणाला.

‘हो.’

‘दर गुरुवारी?’

‘रोजच. गुरुवारी तुझ्याकडे.’

एव्हर्ट मागच्या खोक्यावर खाली बसला. दर गुरुवारी समोर बसणाऱ्या माणसाच्या जिवावरचं ओझं एका वाक्यानं उतरलं असतं, आणि ते वाक्य आपण भिडेपोटी पंचेचाळीस वर्षं तोंडात धरून ठेवलं, हे त्याला आत्ता कळत होतं. साच्यातलं वॅफल करपायला लागलं होतं. ते सिक्स्टननंच काढलं. त्याला राग आला होता, भरपूर आला होता, आणि त्याच वेळी छाती इतकी हलकी झाली होती की रागाला तिथे धड बसता येईना. त्यानं करपलेल्या वॅफलचे दोन तुकडे केले, एक एव्हर्टच्या हातात दिला. दोघांनी ते तसंच खाल्लं, जॅमशिवाय.

टूवा पेन घेऊन आली. कार्डावर काय लिहू, म्हणाली. सिक्स्टननं पेन घेतलं आणि तिचं वाक्य खोडून खाली लिहिलं: ‘घडवणारा: सिक्स्टन ब्रूलुंड, १९७९. मानेतली चूकही त्याचीच.’ मग पेन पुढे केलं. एव्हर्ट नको नको म्हणत होता, पण टूवा हटेना, तेव्हा त्यानं लिहिलं: ‘दुरुस्ती: ए. रास्क, त्याच वर्षी.’

बक्षीस दुसऱ्याच गाडीला मिळालं. पण संध्याकाळपर्यंत गर्दी त्या खरवडलेल्या मानेभोवतीच होती. सिक्स्टनकडून परत गेलेले लोक वाकून शेपटी बघत होते, मग कार्ड वाचत होते आणि मग सिक्स्टनकडे पाहत होते. एकानं त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, ‘काप आणि पुन्हा कर.’ सिक्स्टनही हसला. टूवानं मानेवर पुन्हा रंग दिला नाही. नुसतं तेल चोळलं आणि रविवारी सकाळी बहिणीला मागे बसवून ती उत्तरेला गेली.

गुरुवारी सिक्स्टन कॉफीला गेला. टेबलावर दोन कप होते, दालचिनीचे पाव होते. त्यानं सवयीनं हात पुढे केला, तर पेपर नव्हता.

‘पेपर कुठे?’

‘बंद केला,’ एव्हर्ट म्हणाला. ‘वाचायचा असेल तर आपल्या घरी वाच.’

सिक्स्टननं टोपी काढली आणि बसला.