कंपाउंडरची ताठ मान

आपल्या कामात दुसऱ्याने डोकावलेले आपल्यापैकी कितीजणांना खपते? इंदापूरच्या एका खासगी दवाखान्यातले कंपाउंडर मोहनराव तर अशा वेळी अंगावरच धावून जात.

बाजारच्या दिवशी रोगी घरून आणलेल्या बाटल्या दवाखान्याच्या खिडकीत रांगेने ठेवत आणि बाजाराला जात. माणसांऐवजी बाटल्याच नंबर धरत. मोहनराव डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून बाटल्या भरत. हाताखालचा रसूलही कंपाउंडरची परीक्षा पास झालेला. पण त्याच्याकडे काम बाटल्या धुण्याचे आणि बुचे लावण्याचे. एका बाजारी गर्दी पाहून त्याने विचारले, की बाटली देण्याआधी मी एकदा चिठ्ठीशी ताडून बघू का?

"तू माझ्या चुका काढणार?" मोहनरावांनी चारचौघांत त्याला झाडले. रसूल पुन्हा बुचे लावू लागला.

दुसऱ्या दिवशी कळस गावच्या रंगूबाई नातवाला कडेवर घेऊन आल्या. खोकल्याचे औषध म्हणून चमचा तोंडात घालताच पोर किंचाळले होते. ओठ आणि जीभ लालभडक झाली होती. डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला. ते गुडघ्याला चोळायचे औषध होते!

मोहनराव लगेच म्हणाले, "तुम्ही दुसऱ्याची बाटली उचलली असेल."

"बाटली माझीच हाय. गळ्याला माझ्या लुगड्याची चिंधी बांधलीया, बघा की."

पोराने बरेचसे थुंकले होते म्हणून निभावले. पण मोहनरावांची मान वर होईना. चूक झाली ती झालीच, वर ती या म्हातारीच्या माथी मारायला निघालो, याची त्यांना जास्त लाज वाटत होती.

"रसूल तपासतो म्हणत होता. मला तो अपमान वाटला," ते कसेबसे बोलले.

रंगूबाई म्हणाल्या, "मी निवडल्याली डाळ सून परत सुपात घिऊन बघती. मला न्हाय राग येत. खडा ऱ्हायला तर पोराच्याच दाताखाली येनार न्हवं?"

पुढच्या बाजारापासून डॉक्टरांनी रीत बदलली. एकाने भरायचे आणि दुसऱ्याने ताडून मगच द्यायचे. मोहनरावांनी सगळ्यांदेखत पहिली बाटली रसूलपुढे ठेवली. रसूलने चिठ्ठी वाचली, वास घेतला आणि बाटली परत सरकवली.

"बाटलीवर डोसाच्या खुणांचा कागद चिकटवायचा ऱ्हायलाय," तो हळूच म्हणाला.

खिडकीतली माणसे बघत होती. मोहनरावांचे कान तापले. "बरं केलंस," ते म्हणाले आणि खळीची वाटी जवळ ओढली.

बंधुभगिनींनो, आपले काम दुसऱ्याला तपासू द्या. ताठा आपला असतो; चटका मात्र दुसऱ्याच्या लेकराला बसतो.