कार्ड बघा, माणूस नको

माझा भाऊ मरायला तयार नव्हता.

"चिमे, निदान पाय तरी मोडू दे माझा," तो म्हणाला. "नुसतं मरून पडायचं, यात काय काम आहे?"

"गप्प पडायचं, हेच काम. शिट्टी होईपर्यंत डोळा उघडायचा नाही, बोट हलवायचं नाही. मागच्या वेळी उजेड पाडलास तेवढा पुरे."

दादा लेडीज टेलर. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, पण अक्कल सात वर्षांच्या पोराची, असं वहिनी म्हणते. अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावर मी आपत्तीत मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांना शिकवायला लागले, तेव्हापासून सरावाच्या दिवशी तो दुकान बंद ठेवून जखमी व्हायला येतो. मागच्या तुकडीच्या वेळी त्याला मांडीचं हाड मोडलेला माणूस केलं होतं. तर या गृहस्थाने स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मृत्युपत्र सांगायला सुरुवात केली. शिलाई मशीन बायकोला, कात्री बहिणीला आणि न शिवलेले अठरा ब्लाउज देवाच्या हवाली. उचलणारे इतके हसले की स्ट्रेचर खाली आपटलं. तपासणीला आलेले साहेब तिथेच उभे होते. मी चार दिवस दादाशी बोलले नव्हते. म्हणून या वेळी त्याच्या गळ्यात मी स्वतःच्या हाताने मृताचं कार्ड अडकवलं.

हे कार्डाचं नीट सांगायला हवं. सरावातले जखमी धडधाकट असतात, हीच मोठी अडचण असते. ज्याचा श्वास थांबलाय असं धरायचं, तो मजेत श्वास घेत पडलेला असतो. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड: श्वास किती, नाडी किती, शुद्धीवर आहे की नाही. स्वयंसेवकाने ते वाचायचं आणि अर्ध्या मिनिटात मनगटाला फीत बांधायची. लाल म्हणजे याला आधी हलवा. पिवळी म्हणजे हा थांबू शकतो. हिरवी म्हणजे हा चालू शकतो. काळी म्हणजे मेलेला, पुढे चला. फितीला चिठ्ठी असते, तिच्यावर वेळ आणि कारण लिहायचं. फीत चुकली की मी चिठ्ठीवर लाल पेनने रेघ मारते. पहिल्या दिवसापासून मी एकच पाठ घोकून घेत होते. कार्ड बघा, माणूस नको.

त्या दिवशी जुन्या बस डेपोच्या शेडमध्ये आम्ही इमारत पाडली होती, म्हणजे मोडके बाक, पत्रे आणि विटांचे ढीग रचून ठेवले होते. जखमींची रंगरंगोटी तुकडीतल्याच एका बाईंनी केली. त्यांचं ब्युटी पार्लर होतं. दादाच्या चेहऱ्याला त्यांनी राखाडी पावडर लावली, ओठांना निळसर काहीतरी फासलं. आरशात बघून दादा खूश झाला. "बाई, जिवंतपणी एवढा कधी शोभलो नव्हतो," म्हणाला. त्या हसल्या. मी नाही हसले. मला वेळेत सुरुवात करायची होती.

दहा वाजता मी कंट्रोल रूमला फोन करून सांगितलं की दहा ते बारा या जागेवरून येणारा प्रत्येक फोन सरावाचा आहे, गाडी पाठवू नका, फक्त नोंद घ्या. प्रत्येक वेळी सांगते. एकदा विसरले होते तर सायरन वाजवत दोन बंब आले होते.

साडेदहाला सराव सुरू झाला. मी वही घेऊन फिरत होते. औषधाच्या दुकानवाला कार्ड उलटं धरून वाचत होता, त्याला झापलं. स्कूल बसच्या ड्रायव्हरने सगळ्यांनाच पिवळी फीत बांधली होती, म्हणजे कुणाचं मन दुखावायला नको. त्यालाही झापलं. तेवढ्यात पाहिलं, पार्लरवाल्या बाई पत्र्याखाली दादाजवळ बसून राहिल्या होत्या. अर्धं मिनिट कधीच संपलं होतं.

"काय चाललंय?"

"मॅडम, यांची पावडर ओघळली आहे."

"मग?"

"माझी पावडर अशी ओघळत नाही. मी हात लावून पाहिला. घाम गार आहे."

त्यांनी दादाच्या मनगटाला लाल फीत बांधली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: दहा बेचाळीस, गार घाम.

माझं डोकंच सणकलं. पत्र्याखाली उकडत होतं, घाम मलाही आला होता. "बाई, तुम्हाला वाचता येतं ना?" मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "कार्डावर काय आहे? श्वास नाही. नाडी नाही. तुम्ही मेलेल्याचा घाम पुसत बसलात, तोवर पलीकडे दोन जिवंत माणसं गेली. इथे मेकअप नाही करायचा."

त्या उठल्या. मान खाली घालून पुढे गेल्या. मी वाकले, चिठ्ठीवर लाल रेघ मारून सही केली आणि लाल फितीशेजारी काळी फीत बांधली. दादाचे डोळे मिटलेले होते. पापणी जरा हलली. तोंड अगदी बंद. मनात म्हटलं, शेवटी सुधारला बाबा. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी शिट्टी मारली. एकेक मेलेले, मोडलेले, भाजलेले उठून कपडे झटकू लागले. दादा उठला नाही.

"ऊठ आता, संपलं," मी म्हणाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "यांना बक्षीस द्या," ड्रायव्हर म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. हे मला आयुष्यभर पुरणार आहे.

मी पायाने त्याच्या चपलेला डिवचलं. चप्पल पडली. पाय तसाच.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. सव्वीस वर्षं मी आगीतून माणसं काढली, पण त्या क्षणी मी खाली वाकलेसुद्धा नाही. मी गळ्यातल्या कार्डाकडे बघत उभी राहिले. श्वास नाही. नाडी नाही. अक्षर माझंच. आणि माझ्या हाताखाली शिकलेले एकोणीस जण माझ्याकडे बघत उभे होते, कारण मॅडमनी अजून काही सांगितलं नव्हतं.

पार्लरवाल्या बाईंनी मला बाजूला ढकललं. कार्ड हिसकून फेकलं, दादाच्या नाकाशी कान नेला आणि छातीवर दोन्ही हात रोवले. मग माझ्याकडे बोट दाखवून ओरडल्या, "तुम्ही! लाल जॅकेट! अँब्युलन्सला फोन करा आणि येऊन मला सांगा!"

हे मीच शिकवलं होतं. गर्दीला हाक मारायची नाही, एकाला बोट दाखवून सांगायचं.

मी फोन लावला. "नोंद घेतली, मॅडम," कंट्रोल रूममधली मुलगी म्हणाली.

"नोंद नको, गाडी पाठव! हे खरं आहे!"

"हो मॅडम."

"अगं, माझा भाऊ आहे तो! खरंच मरतोय!"

"हो मॅडम, घेतलं लिहून. मागच्या वेळी आजोबा होते ना?" आणि तिने फोन ठेवला. तिचं काय चुकलं? असंच रडून फोन करायला मीच तुकड्यांना शिकवलं होतं.

ड्रायव्हरने पुढचं काही ऐकलं नाही. धावत जाऊन त्याने स्कूल बस शेडच्या दारात आणली. दादाला सीटांच्या मधल्या वाटेत आडवा ठेवला आणि बाई त्याच्या छातीवर दाब देत राहिल्या, मोठ्याने आकडे मोजत, प्रत्येक वळणाला सीटवर आपटत. मी दादाच्या पायाशी बसले होते. माझ्या हातात त्याची चप्पल होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आले तेव्हा वहिनी पोचली होती. हृदय पुन्हा चालू झालं होतं, पण अॅटॅक मोठा होता. "त्रास नक्की कधी सुरू झाला?" त्यांनी विचारलं. "वेळेवरून पुढचे उपचार ठरतात. अंदाज नको."

त्यांच्या हातात दादाच्या मनगटावरून कापून काढलेल्या दोन फिती होत्या. "हे दहा बेचाळीस कुणी लिहिलंय?"

"मी," पार्लरवाल्या बाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर लिहिलंय. मग खोडलं कुणी?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. माझी सही तिला ओळखता येते.

"मी," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दादाला बोलायची परवानगी मिळाली. हृदयाचा एक भाग कायमचा गेला होता, शिलाई मशीन आता पायाने चालवायचं नव्हतं. मी त्याच्याजवळ बसले. चेहरा धुतलेला होता, पण कानामागे राखाडी पावडर तशीच राहिली होती. मी ती पदराने पुसली.

"दुखत होतं?" मी विचारलं.

"खूप. छातीवर कुणी बसलंय असं."

"मग बोलला का नाहीस, दादा? एरवी तोंडाला कुलूप नसतं तुझ्या. शिट्टीचं मी म्हटलं म्हणून?"

"शिट्टीबिट्टी गेली खड्ड्यात. त्या बाईंना सांगणारच होतो." तो दम घ्यायला थांबला. "तेवढ्यात तू आलीस. वाकून बघितलंस, हात धरलास, फीत बांधलीस. म्हटलं, चिमीने बघितलंय ना, म्हणजे काही नसणार. म्हणून गप्प पडून राहिलो."