गोदूबाईंचा उजवा डोळा

मित्रांनो, मी एक जुन्या कुळातला विषाणू आहे, आणि तोंड वर करून सांगावं असं मी काही केलेलं नाही. तरी ऐका. रत्नागिरीजवळच्या पावस गावी श्यामरावांच्या बागेत गोदूबाई आंबे निवडायच्या. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त उजव्यावर. त्या उजव्या डोळ्यात मी जन्मलो, पंच्याऐंशी सालच्या मार्चअखेर.

आम्हा विषाणूंना ना तोंड, ना पोट, ना हातपाय. आमचं स्वतःचं काही नाही हो! जिवंत पेशीत शिरायचं, तिचीच चूल आणि तिचीच भांडी वापरून आपल्यासारखे शेकडो घडवायचे, आणि निघताना तिलाच मारायचं. असले आम्ही पाहुणे! पेशीबाहेर आम्हाला कोणी विचारत नाही.

डोळा लाल झाला, तशा गोदूबाई रत्नागिरीला गेल्या. डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली आणि बजावलं, "दिवसा दर तासाला एक थेंब. बरं वाटलं तरी दोन आठवडे थांबायचं नाही." औषध भलतं हुशार. आमची नक्कल घडताना त्यात खोटा तुकडा होऊन बसायचं, की नक्कल बिघडलीच. तीन दिवसांत माझे भाऊबंद पटापट गेले.

मी उरलो. शौर्य कसलं डोंबलाचं! घडतानाच माझ्यात एक चूक राहिली होती, आणि तिच्यामुळे औषध मला लागू पडेना. असे आम्ही जेमतेम चार-पाच. थेंब चालू राहते, तर बाकीचे पुरते संपले असते आणि आम्हा चौघा-पाचांचा समाचार गोदूबाईंच्या अंगातल्या ताकदीनं घेतला असता.

पण चौथ्या दिवशी डोळा निवळला. बहिणीची मुलगी चिमा म्हणाली, "मावशी, थेंब घाल गो."

"बरा झालाय आता. उगाच कशाला संपवू? पावसाळ्यासाठी मीठ-मिरची भरून ठेवतो ना, तसं ऱ्हाऊ दे. पुढं लागेल."

बाटली लोणच्याच्या बरणीशेजारी फळीवर गेली. बेगमीची सवय हाडीमाशी मुरलेली, त्यांना काय बोल लावू?

आठ दिवसांनी डोळा पुन्हा लाल. पुन्हा तीन दिवस थेंब, पुन्हा फळी. असं चारदा झालं. दर वेळी औषधानं मरणारे मेले आणि रिकाम्या जागेत माझीच पिलावळ वाढली. मग डॉक्टरांनी त्याच औषधाची नवी कोरी बाटली दिली. बिचारीनं ती दर तासाला नेमानं घातली, पण आमचा केसही वाकडा झाला नाही. मुंबईहून दुसरं औषध येईपर्यंत बुबुळावर फूल पडून नजर धूसर झाली होती.

पुढल्या हंगामात त्या पुन्हा आंबे निवडायला बसल्या. एक आंबा डोळ्याजवळ नेला, हुंगला आणि पेटीत ठेवत म्हणाल्या, "हा फसकलास!" आंब्यावर रुपयाएवढा काळा डाग होता. चिमानं तो हळूच पेटीतून काढला. श्यामरावांनी ते पाहिलं.

"गोदूबाई, यंदा तुम्ही पेंढा पसरा. निवडायला चिमा बसेल."

"बरं," म्हणाल्या आणि पेंढा ओढून घेतला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मी अजून त्यांच्या डोळ्यामागच्या नसेत निजून आहे. मला लाज वाटते. मित्रांनो, बरं वाटलं म्हणजे आम्ही गेलो असं समजू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पुरं करा. आमच्यावर दया नको. मीच सांगतो, आम्हाला पुरतं मरू द्या.