सगळ्यांसाठी एकच मंडप

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि ग्रामसभेची अध्यक्ष रंजीता बैठकीत उभी राहिली. ज्या उमेदवारामागे ठेकेदार, त्याच्याच गाड्या, त्याचंच जेवण, आणि निवडून आल्यावर तो गावाकडे फिरकतही नाही, हे तिनं दर वेळी पाहिलं होतं.

"बांबू विकून ग्रामसभेले आलेल्या पैशातून आपणच मंडप टाकू," ती म्हणाली. "साऱ्या उमेदवारायले बोलवू. एकच माईक, सारखाच वेळ. कोणाचं खानं नाई, पिनं नाई."

म्हातारा पोचू आधी हसला, पण सगळ्यात पहिला हात त्यानंच वर केला.

तालुक्याहून, एटापल्लीहून मंडप आला. उमेदवार मात्र एकच आली. जन्मभर अंगणवाडी चालवलेली, अपक्ष उभी राहिलेली रंभाबाई. एसटीतून उतरून पायी आली. बाकीच्यांचे फोन लागेनात. गावातली माणसंही एकेक करून उठू लागली. पलीकडच्या टोल्यावर, गावाच्याच छोट्या वस्तीवर, बोकडं कापल्याची खबर आली होती.

रंभाबाई बोलत असतानाच निवडणुकीचं भरारी पथक आलं. पथकाच्या साहेबांनी मंडपाचं शूटिंग करायला लावलं.

"खर्च कोणाचा?"

"ग्रामसभेचा. साऱ्यायसाठी," रंजीता म्हणाली.

"सारे कुठं आहेत? मंचावर या एकट्याच आहेत. सगळा खर्च यांच्या नावावर लागेल."

रंभाबाईनं माईक खाली ठेवला.

"अन् टोल्यावर जेवणं चालू हायेत, ते कोणाच्या नावावर?" रंजीताचा आवाज चढला.

"तिथं बारसं आहे म्हणतात."

"चला, दाखवा मले बारसं!" म्हणत ती त्यांच्या गाडीत चढून बसली.

टोल्यावर पंगती बसल्या होत्या. धनराज ठेकेदाराच्या ड्रायव्हरचं घर. दारात सजवलेला पाळणा, पाळण्याशेजारी हात जोडून ठेकेदाराचा उमेदवार. आणि ज्याचं बारसं, ते पोरगं पंगतीतून धावत होतं.

"हे बारशाचं लेकरू?" रंजीतानं विचारलं.

"नाव ठेवाचं राहून गेलं होतं, बाई," धनराज हसत म्हणाला. "तुमीबी जेवून घ्या."

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. "झेंडा नाही, भाषण नाही. खासगी कार्यक्रम आहे. माझ्या हातात काही नाही."

पंगतीत पोचू बसला होता. तिला पाहून त्यानं मान खाली घातली. "तुया मंडपात नुसतं पानी होतं, पोरी," तो पुटपुटला.

रंजीताला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ओरडावं तेच कळेना. ती पायीच परत निघाली.

दुसऱ्या दिवशी ती तहसीलमध्ये गेली. मंडप गावाचा आहे, उमेदवाराचा नाही, हे तिनं तीन टेबलांवर सांगितलं. शेवटच्या टेबलावरचा बाबू कंटाळून म्हणाला, "खर्च उमेदवाराचा असतो, नाहीतर पक्षाचा. गावाचा खर्च दाखवायची सोयच नाही."

"म्हणजे ठेकेदारानं केला तर चालते, गावानं केला तर नाई?"

बाबूनं पुढच्या माणसाला हाक मारली.

धनराजचा माणूस निवडून आला. रंभाबाईला मंडपाच्या खर्चाच्या हिशेबाची नोटीस आली, तेव्हा रंजीता तिच्या घरी गेली. रंभाबाईनं चहा ठेवला, विचारपूस केली. निघताना म्हणाली, "पुढच्या वेळी मले बोलावू नको, रंजीता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळंच रंजीताला ते जास्त लागलं.